तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रचार करते का?

नाताळच्या आठवड्यात आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात. पेटी, ढोलकी, टाळ. आमच्या जिन्यात ती उभी राहिली की शेजारची मुलं चपला न घालताच धावत येतात, मोठी माणसं दारात उभी राहून ऐकतात आणि म्हणतात, ‘अगदी आपल्या भजनासारखं वाटलं हो.’ मग दोन-चार दिवसांनी त्यांच्यातलंच कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, ‘राग मानू नका, पण तुम्हीसुद्धा प्रचार करता का?’

राग मुळीच येत नाही. जिन्यात उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही एवढंच, म्हणून लिहिते.

हो, मी सुवार्ता, म्हणजे येशूची चांगली बातमी, सांगते. आमचं घराणं ती कुणीतरी सांगितली म्हणूनच माणसात आलं.

आम्ही नेवासे तालुक्यातले. पणजोबा महारवाड्यात वाढले. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, देवळाच्या पायरीला पाय लावायचा नाही. त्यांनी अमेरिकन मिशनच्या पाळकाकडून बाप्तिस्मा घेतला. ‘दुष्काळात पोटासाठी बाटले’ असं आमच्यासारख्यांबद्दल बोललं जातं. मिशननं दुष्काळात धान्य दिलं, काम दिलं, शाळा काढल्या, हे खरंच आहे. उपाशी माणूस भाकरी देणाऱ्याकडे बघणारच, त्यात लाज कसली? पण दुष्काळ सरला, ज्वारी पुन्हा पिकली, तरी पणजोबा रविवारी उपासनेला जातच राहिले. घरात सांगतात की त्यांना एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीत घेतात तो, प्याला एकच असायचा आणि तो सगळ्यांच्या ओठांना लागायचा. (मंडळीतून जात पुरती गेली असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नं जुळवताना ती अजून डोकावते, आणि त्याचं मला वाईट वाटतं.)

लोभाचंच म्हणाल, तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीत धरत नाहीत. शिखांना 1956 साली, बौद्धांना 1990 साली त्यात घेतलं. आम्ही बाहेरच. वडिलांनी माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं, तेव्हा आपण काय सोडतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ‘तुमचा तो परक्यांचा धर्म’ असं म्हणतात, त्याविषयी. येशूनं जाताना शिष्यांना सांगितलं, सर्व राष्ट्रांत जा. ‘राष्ट्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे आणि सरहद्दी येतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लोकसमूह, जमाती असा आहे, आणि मला तोच जवळचा वाटतो. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, यरुशलेमेत देशोदेशीचे लोक जमले होते, तेव्हा शिष्यांचं बोलणं ज्याला त्याला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं. आधी आमची भाषा शिकून या, असं कुणाला सांगितलं गेलं नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, मराठी शिकले आणि ख्रिस्ताची कथा त्यांनी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं. त्याच गोव्यात देवळंही पाडली गेली, माणसांवर जबरदस्ती झाली. त्याला मी सुवार्ता म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही.

आणि आमची गाणी तुम्हाला भजनासारखी वाटतात, कारण ती भजनंच आहेत. त्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. कोकणातल्या ब्राह्मण घरातले टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि पुढे बरीच वर्षं नगरला राहिले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. शेवटी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. प्रचार कसा करावा हे मला त्यांच्याकडे बघून कळलं, आणि त्याहून जास्त आजीकडून.

आजी चाळिशीत अक्षरं शिकली. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना ओळीखालून बोट फिरवायची. पुढे उतारे पाठ झाले तरी बोट फिरतच राहिलं. तेविसाव्या स्तोत्राच्या पानावर पिठाचे डाग होते, कारण भाकऱ्या थापता थापता मध्येच हात पुसून ती ते पान उघडायची. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. सुगी झाली की आमच्या शिवारात धनगरांचा वाडा यायचा. खतासाठी शेतात मेंढ्या बसवायचे. एक म्हातारे धनगरबाबा दरवर्षी यायचे. नुकतं जन्मलेलं कोकरू खांद्यावर घेऊन ते चालायचे, आणि आजी मला बोटानं दाखवायची, ‘बघ, असा.’

एकदा संध्याकाळी तिनं त्यांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक चुकलं, तेव्हा नव्याण्णव रानात सोडून मेंढपाळ त्या एकाला शोधायला गेला. बाबांनी मध्येच अडवलं. ‘नव्याण्णव उघड्या रानात टाकून गेला? लांडगं ठेवतील व्हय? आधी वाघर लावायची, मंग हुडकाया जायचं.’ वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती खुंट्यांना लावतात ती जाळी. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘पर गेला ते खरं हाय. जावंच लागतं. एक जरी भाईर ऱ्हायलं तर झोप लागत न्हाय.’

त्यानंतर आजीनं ती गोष्ट कायम वाघरीसकट सांगितली. बायबलात ही गोष्ट आहे त्या लूकच्या पंधराव्या अध्यायात वाघर नाही. आमच्या घरात आहे, आणि मी नातवंडांना तशीच सांगते.

प्रसाराचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमानं तुम्हाला आणि मला सारखाच दिला आहे. पण हक्क आहे म्हणून मी बोलत नाही. ज्यानं मला सांभाळलं त्याच्याविषयी गप्प राहवत नाही म्हणून बोलते, आणि समोरच्यानं ऐकून ‘नको’ म्हटलं तर चहा टाकते. आजारी माणसाच्या खाटेशी बसून चमत्काराचा वायदा करायचा, नडलेल्याला पैसे दाखवून नाव बदलायला लावायचं, हे मला पाप वाटतं. मंडळीत कुणी तसं वागलं तर तोंडावर सांगते. आणि तुम्ही न विचारलेला प्रश्न उरतोच: तुम्हीही त्याला ओळखावं असं मला वाटतं का? वाटतं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

धनगरबाबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. गळ्यात खंडोबाचा टाक होता, तो तसाच राहिला. दरवर्षी येत राहिले, गोष्ट ऐकत राहिले, आणि एका वर्षी त्यांच्या ऐवजी मुलगा आला. आजी रोज रात्री प्रार्थनेत आम्हा सगळ्यांची नावं घ्यायची. काका, आत्या, आम्ही नातवंडं. शेवटी बाबांचं नाव यायचं, आणि मागोमाग त्यांच्या मेंढरांचं.