असहमत, कारण आमचा कांदा

भाची यंदा बारावीला, आर्ट्सला. ताई आणि दाजी दोघंही नोकरीवर, त्यामुळे शेवटच्या दोन पेपरांना म्हणजे अर्थशास्त्र आणि भूगोलाला तिला आणायची ड्युटी माझ्यावर आली. आधी अर्थशास्त्र, अकरा ते दोनचा पेपर, मी पावणेदोनलाच गेटसमोर गाडी लावून उभी, डोक्यावर स्कार्फ, हातात उसाचा रस. आजूबाजूला सगळ्या आयाबाया आणि एक आजोबा, ते बिचारे दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून "सुटला का?" विचारत होते.

दोनला बेल झाली आणि पोरं बाहेर आली. मला वाटलेलं आता येईल, गाडीवर बसेल, घरी जाऊ. कसलं काय. गेटपासून वीस पावलांवर चहाची टपरी आहे तिथं सगळा घोळका थांबला आणि प्रश्नपत्रिका उघडून जे भांडण सुरू झालं ते मी तब्बल चाळीस मिनिटं ऐकलं. आमच्या वेळी बाई सांगायच्या, झालेल्या पेपरची चर्चा करू नका, पुढचा पेपर खराब जातो. आम्ही पण करायचोच. पण आम्ही दबक्या आवाजात करायचो, ही पोरं आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी करतात.

पहिला वाद निर्देशांकाचा, म्हणजे मूळ वर्षाच्या तुलनेत किमती किती बदलल्या ते मोजायच्या सूत्राचा. लास्पेअरच्या सूत्रात मूळ वर्षाचं परिमाण, म्हणजे वस्तूंचं प्रमाण घ्यायचं असतं, एकाने चालू वर्षाचं घातलेलं, म्हणजे ते पाशेचं सूत्र झालं. त्याला वाटत होतं की बाकी सगळे चुकलेत. मग एका पोरीने त्याला असं समजावलं की मी पण आता मरेपर्यंत विसरणार नाही. ती म्हणाली "अरे लास्पेअर म्हणजे लास्ट इयर असं लक्षात ठेव ना भो, मागच्या वर्षाचं घ्यायचं, क्यू झिरो." आता मूळ वर्ष म्हणजे काही मागचंच वर्ष असतं असं नाही, पण सूत्र बरोबर बसतंय ना, मग झालं. तो पोरगा दोन मिनिटं गप्प झाला आणि मग एकदम "पण स्टेप्सचे मार्क मिळतील ना?" हा प्रश्न मराठी माणूस जन्मल्यापासून विचारतोय.

दुसरा वाद एक रुपयाच्या नोटेचा. पुस्तकात लिहिलंय की नोटा काढायचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा, एक रुपयाची नोट आणि नाणी सोडून, ती केंद्र सरकारची. यातली एक पोरगी नाशिकरोडची, तिचे आजोबा तिथल्या नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेले. ती ऐकेचना. "छापतात तर आमच्याकडेच, १९२८ पासून, आणि तुम्ही मला शिकवता?" मग बाकीचे तिला समजावतायत की बाई छापणारा वेगळा आणि काढणारा वेगळा, लग्नाची पत्रिका प्रिंटिंगवाला छापतो म्हणून लग्न त्याचं असतं का. हे पटलं तिला. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवाची सही असते हे मी मध्येच तोंड घालून सांगितलं तर सगळे माझ्याकडे 'ही कोण' अशा नजरेने बघायला लागले. भाचीने हळूच "मावशी आहे" म्हणून विषय संपवला.

पण खरं भांडण झालं ते सहमत-असहमतवर. ज्यांनी बारावी आर्ट्स-कॉमर्स केलंय त्यांना माहितीये, एक विधान देतात, तुम्ही सहमत आहात की असहमत ते लिहायचं आणि कारणं द्यायची. पोरं सांगत होती त्यावरून विधान साधारण असं होतं की किंमत कमी झाली की विक्रेता नेहमीच पुरवठा कमी करतो. नव्वद टक्के पोरांनी डोळे झाकून सहमत लिहिलेलं, पुरवठ्याचा नियम लिहिलेला, वर जाणारा वक्र काढलेला, खाली पेन्सिलने अक्षांना नावं दिलेली, झालं काम.

एकाने लिहिलं असहमत. हा निफाडकडचा, रोज एसटीने येतो, फार बोलत नाही. त्याला सगळे मिळून धुवायला लागले. "अरे नियमच आहे तो, नियमाला असहमत कसा काय?" तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरी भाव पडला की बाबा जास्त ट्रॉली पाठवतात."

मग त्याने समजावलं आणि मी रस संपवून ग्लास परत करायचं पण विसरले. आत्ता फेब्रुवारी-मार्चला जो येतो तो लाल कांदा, त्याला टिकाव नाही, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत चार-पाच महिने ठेवता येत नाही. ठेवला तर सडतो, कोंब येतात, वजनात घट. त्यामुळे लासलगावला भाव उतरायला लागला की ज्याच्या शेतात कांदा निघालेला आहे तो म्हणतो उद्या अजून पडायच्या आत आजच काढा. वरून मजुरांचे पैसे द्यायचेत, दुकानदाराचं औषधाचं बिल बाकी, सोसायटीचं कर्ज मार्चला भरायचं. म्हणजे भाव पडतोय आणि मार्केटला माल वाढतोय. एवढं बोलून तो म्हणाला, "आणि पुस्तकात पण आहे ना हे, अपवादात. नाशवंत वस्तू, रोख पैशाची गरज, शेतमाल. 'नेहमीच' लिहिलंय म्हणजे तो गळ आहे."

सगळे गप्प. मग प्रत्येकाने परत प्रश्नपत्रिका उघडून ते 'नेहमीच' बघितलं. एक जण तर म्हणाला मला वाटलं तो शब्द छापताना आलाय.

घरी येईपर्यंत भाची रडवेली. संध्याकाळी कुठल्या तरी क्लासची आन्सर की ग्रुपवर फिरली, त्यात छातीठोकपणे सहमत. ही लगेच खुश, "बघ मावशी माझं बरोबर." मी म्हणलं तुझं मन काय म्हणतं ते सांग. तर म्हणाली मन असहमत म्हणतंय पण मार्क सहमतचे पाहिजेत. मला हसावं की रडावं कळेना. ही आन्सर की त्या निफाडच्या पोराला दाखवायची का यावर ग्रुपमध्ये तासभर चर्चा झाली आणि शेवटी ठरलं की भूगोल होईपर्यंत कोणीही पाठवायची नाही. त्याचा फोन साधा, त्यामुळे तो ग्रुपमध्येच नव्हता. पोरं भांडतात पण इतकी अक्कल आहे हे बघून बरं वाटलं.

चार दिवसांनी भूगोल. शेवटचा पेपर त्यामुळे सगळे हवेत. नकाशात डॉगर बँक, म्हणजे मासेमारीचा उथळ समुद्राचा भाग, दाखवायची होती आणि नाशिकरोडवालीने ती कॅनडाजवळ काढलेली. ती ग्रँड बँक, न्यूफाउंडलंडची, जिथं लॅब्राडोरचा थंड आणि गल्फ स्ट्रीमचा गरम प्रवाह भेटतो. डॉगर तिकडे उत्तर समुद्रात, ब्रिटनच्या बाजूला. ती म्हणे "मासे तर दोन्हीकडे आहेत ना, उथळ समुद्र, ऊन तळापर्यंत जातं, प्लवक म्हणजे माशांचं खाणं वाढतं, सगळं लिहिलंय, मग जागेचं काय एवढं?" बाई गं, भूगोलाच्या पेपरला जागेचं काय विचारते!

मग व्यवसायांच्या प्रकारांवरून द्राक्षं निघाली. बाग प्राथमिक, वायनरी द्वितीयक, तिथं येणाऱ्या पाहुण्यांना फिरवणारा तृतीयक, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. तर एकाने विचारलं, माझा चुलतभाऊ सकाळी बागेत छाटणी करतो आणि दुपारी हायवेला गाडीवर द्राक्षं विकतो, तो कशात धरायचा? कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

मी सगळ्यांना कॉलेज रोडला मिसळ खायला घातली, आठ प्लेट, पाकीट हलकं झालं. कांदा बचकाभर दिलेला, म्हणजे भाव पडलेलाच असणार, महाग झाला की हेच लोक कोबी चिरून देतात. मग कांद्याची मागणी लवचिक की अलवचिक, म्हणजे भाव बदलला की मागणी फार बदलते की नाही, यावर परत पेटलं, घरात अलवचिक आणि हॉटेलात लवचिक असा समझोता झाला. तेवढ्यात भाचीने हळूच फोन काढून त्या पोराला आन्सर की दाखवली. त्याने ती पूर्ण वाचली, वरच्या कोपऱ्यातलं क्लासचं नाव पण वाचलं.

"सरांना म्हणावं भाव पडला की एकदा आमच्याकडे या," तो म्हणाला, "पहाटे चारला ट्रॉली भरायला माणूस कमीच पडतो." आणि माझ्या ताटातला अर्धा पापड उचलून खाल्ला.