धुक्यातली रेघ

"मामा, थांबा. कडेला घ्या गाडी."

आज सकाळी यवतेश्वरच्या घाटात भाचा असं म्हणाला, तेव्हा बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. मोबाईलच्या नकाशावर मात्र वळण लख्ख होतं आणि मी त्याच्याच भरवशावर गाडी पुढं रेटत होतो.

भाचा को-पायलट आहे. म्हटलं, तुम्ही तर धुक्यात विमानं उडवता की!

मग त्यानं सांगितलं. काही विमानांत पायलटच्या डोळ्यांपुढं एक पारदर्शक काच असते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाच्या अँटेनाकडून रेडिओ सिग्नल येतो आणि विमान मधल्या रेघेपासून किती सरकलं, हे त्या काचेवर उमटतं. चिन्हं लांब असल्यासारखी दिसतात, त्यामुळे बाहेर बघता बघताच वाचता येतात. तरी दृश्यता ठरलेल्या मीटरच्या खाली गेली, की उड्डाण नाही म्हणजे नाही.

"आणि मामा, काच रेघ दाखवते. रेघेवर कोण उभंय, ते नाही दाखवत."

१९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात एक जम्बो विमान उड्डाणासाठी धावत सुटलं, तेव्हा दुसरं त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली.

धुकं जरा विरलं. वीसेक पावलांवर एका दूधवाल्याची मोटारसायकल उभी होती. दोन्हीकडं किटल्या, मागचा दिवा बंद. तोही बिचारा धुकं सरायची वाट बघत थांबलेला.

दिवसभर त्या किटल्याच डोळ्यांपुढं आहेत. रविवारी घाटातल्या दूधवाल्यांच्या किटल्यांना चमकत्या पट्ट्या चिकटवायला जाणार आहे. कोण कोण येतंय?