बरणीतले सात

शनिवार, रात्री साडेअकरा

पाय दुखतायत. आज घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या तीन विंग. म्हणजे तीन गच्च्या आणि पंचेचाळीस दारं. त्यातली एकोणीस उघडली, आणि उघडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं आत तोंड करून ओरडून सांगितलं, "मलेरियावाले आलेत!" एम.एस्सी. प्राणिशास्त्र, विशेष विषय कीटकशास्त्र, आणि हुद्दा मलेरियावाली. पहिल्या महिन्यात हे टोचायचं. आता बेल वाजवून मीच सांगते, "मलेरियावाले. फ्रिजमागचा ट्रे बघायचाय."

सातव्या मजल्यावरच्या काकू दुखावल्याच. "आमच्याकडे डास? आमच्याकडे आर.ओ. आहे." घर खरंच चकचकीत होतं. ट्रेमध्ये बोटभर पाणी, आणि त्यात एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, अळ्या वळवळत होत्या. एडिसला गटार नको असतं, स्वच्छ साचलेलं पाणीच लागतं. हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. अंडी पाण्यात नाही तर पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीला चिकटवलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात, म्हणून ट्रे नुसता ओतून भागत नाही, घासावा लागतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाईला हाक मारली.

गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्यांत, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, मनीप्लांटच्या बाटलीत, मी डोकावत असते. डिपर, म्हणजे लांब दांड्याचा डाव, बुडवायचा, उचलायचा, अळ्या मोजायच्या. अळी पाण्यात कशी राहते यावरून डास कुठला याचा अंदाज येतो. ॲनॉफिलिसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची, अळी पाण्याच्या वरच्या थराला समांतर, आडवी पडलेली असते, कारण तिला श्वासाची नळी नसते. एडिस आणि क्युलेक्स या दुसऱ्या डासाच्या अळ्या शेपटाकडच्या नळीनं वर चिकटून उलट्या लटकतात. एडिसची नळी आखूड आणि जाड, क्युलेक्सची लांब आणि बारीक. अर्धा सेकंद पुरतो. ही एकच गोष्ट आहे जी मला आता डोळे मिटून येते, आणि ती सांगून लग्नाच्या बाजारात काही उपयोग नाही.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. "अगं, पेस्ट कंट्रोलमध्ये बराच स्कोप आहे म्हणे." मावशी मुद्दाम बोलत नाही, पण बोलते बरोबर. सरकारी जाहिरातींत माझ्या कामाच्या जवळचं पद सापडलं ते 'कीटक समाहारक'. मुंबई महापालिकेत 'कीटकनाशक अधिकारी' असतो. नावातच सांगून टाकलंय, की किड्याशी आपला संबंध काय. नुसत्या सुंदर किड्याला बजेट नाही. नीलवंत महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं २०१५ मध्ये, देशात असं करणारं पहिलं राज्य आपलंच. त्याच्या नावानं एक जागा निघाल्याचं मला तरी दिसलेलं नाही. पगार मिळतो तो किड्यानं कुणाचं तरी वाकडं केलं असेल तर. कापसावर गुलाबी बोंडअळी, मक्यावर २०१८ पासून आलेली लष्करी अळी, आंब्यावर तुडतुडे. माझी शाळेतली मैत्रीण दापोलीला कृषीत गेली, ती आज तुडतुड्यांवर काम करते आणि तिच्या हातात दर महिन्याला पगार पडतो. माझं अकरा महिन्यांचं कंत्राट. ही वाट साधारण बारावीनंतरच फुटते, कृषी की प्राणिशास्त्र. मला बारावीत कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी मी ओवळेकर वाडीच्या फुलपाखरांच्या बागेतून नुकतीच येत होते, ऐकलं नसतं.

ओवळेकर वाडी हे सगळं खूळ लागण्याचं खरं कारण नाही. खरं कारण आमच्या बाल्कनीतला कढीपत्ता. आठवीत असताना त्यावर पक्ष्याची शीट दिसली, पुसायला गेले तर ती चालायला लागली. लिंबाळीची अळी. आई म्हणाली फेकून दे, आमटीला पानं उरणार नाहीत. मी ती चपलेच्या खोक्यात लपवली, वर मच्छरदाणीचा तुकडा. तिनं कात टाकल्यावर हिरवा रंग घेतला, बोट लावलं तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढली आणि वास मारला. आई अजून त्या वासाचं नाव काढते. कढीपत्ता मात्र पूर्ण गेला, आमटी महिनाभर नुसती.

माझा पहिला कीटकसंग्रह हा वेगळा दुखवटा. कॉलेजातला, वर्षभर जमवलेला, टाचणी उजव्या पंखातूनच टोचलेले भुंगे, सगळी लेबलं स्वच्छ अक्षरात. नॅप्थलीनच्या गोळ्या संपल्या त्या पावसाळ्यात मी परीक्षेत होते. पेटी उघडली तर आत टाचण्या, लेबलं आणि भुसा. दुसऱ्याच एका भुंग्याच्या केसाळ अळ्यांनी आत राहून सगळे खाल्ले होते. आई म्हणाली, "आता त्यांचाच संग्रह कर." मी केला. चार आहेत.

आजचा नमुना घरी आणायला नको होता, हे लिहून ठेवते. प्रयोगशाळा बंद होती आणि अळीपेक्षा पूर्ण डासावरून ओळख पक्की होते. छातीवर पांढऱ्या खवल्यांची वीणेसारखी खूण असेल तर एडिस इजिप्ती, मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर त्याचा भाऊबंद अल्बोपिक्टस. भिंगाखाली ती वीणा दिसते तेव्हा मला छान वाटतं, आणि ठाण्यात डेंग्यूनं तापलेल्या माणसांची आठवण येऊन त्याची लाज वाटते, मग परत भिंग लावते. काकूंच्या ट्रेतले सात कोष बरणीत ठेवले, तोंडाला आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा आणि रबरबँड.

आईनं विचारलं, "त्यात डेंग्यूवाले नाहीत ना?"

"डेंग्यूचा विषाणू चावून येतो, हे अजून कुणाला चावलेच नाहीत." हे अगदी शंभर टक्के खरं नाही, क्वचित डासाच्या मादीकडूनही अंड्यात जातो, पण साडेदहाला कोण सांगणार.

आत्ता मोजले. कोष फुटून पाच डास झालेत, एक अजून कोषात. म्हणजे सहा. पुन्हा मोजले. रबरबँड एका बाजूला सरकलाय. नर आधी निघतात आणि नर चावत नाहीत, त्यामुळे तो नर असणार. आईच्या खोलीचं दार ओढून घेतलंय. मच्छरदाणी मात्र मी माझ्याच खाटेला लावलीय.