दातांची हत्यारं आणि बाबांची पेटी

बाबांच्या पेटीतला मधल्या सप्तकातला कोमल गंधार मुका झाला होता. गणपती तोंडावर आलेले, पेटीवाला म्हणाला, "दिवाळीनंतर आणा."

चुलत बहीण दातांची डॉक्टर. ताईने दवाखाना आवरताना काढलेली जुनी हत्यारं मला दिली: कीड चाचपायचा आकडा, कीटण खरवडायचा स्केलर, तोंडात घालायचा छोटा आरसा. "तोंडात जाऊन आलंय ते, तसंच नेऊ नकोस," म्हणत तिनेच ऑटोक्लेव्हमधून काढून दिली. 121 अंश, 15 पौंड दाब, 20 मिनिटं. कुकरचाच थोरला भाऊ तो.

सुरांची फळी काढून उलटी केली. हवेने थरथरून सूर देणारी पितळी जीभ आणि तिच्या चौकटीतली फट केसाएवढी. सुई तिथे जाते, पण मागे वळत नाही. आकडा वळला आणि लोकरीचा एक राखाडी धागा घेऊन बाहेर आला. गंधार बोलला! पण सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर 10 सेंट उतरलेला (शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट).

आता स्केलर. जिभेच्या मोकळ्या टोकाला खरवडलं की ती तिथे हलकी होते, सूर चढतो; रिव्हेटजवळ, म्हणजे जीभ जिथे ठोकून बसवलेली असते तिथे, खरवडलं की लवचीक होते, सूर उतरतो. जीभ वाकू नये म्हणून खाली दाढीचं पातं सरकवलं. पण स्केलर बोथट होता, पितळ निघेना, नुसता सटकायचा. तेलाच्या दगडावर धार लावली तेव्हा बारीक सोनेरी भुकटी पडू लागली. आणि तिथेच चुकलो. निघतंय म्हणून निघू दिलं. फळी बसवून भाता मारला, तर गंधार 15 सेंट वर! मग रिव्हेटच्या बाजूने दोन-दोन ओढी, फळी बसव, ऐक, परत काढ. अकरा वेळा. काढलेलं पितळ काही परत लावता येत नाही, म्हणून पेटीवाले इतके हळू का चालतात ते तेव्हा कळलं.

आरशाने फळीखालचे कोपरे दिसले, मान न मोडता. तो कपड्याला पुसू नका, मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, लगेच ओरखडे पडतात. माझ्या आरशावर आता दोन आहेत.

उघड्या पेटीचा फोटो ताईला पाठवला. तिचं उत्तर: "रूट कॅनल झालं का?"

आकडा सध्या माझ्याकडे नाही. शिलाई मशीनच्या बॉबिनखालचा कापूस काढायला आईने नेलाय.