निरोप्या

"तुमच्या कथांतली माणसं एकमेकांशी सरळ का बोलत नाहीत? घरी तसंच होतं का?" लातूर, नांदेड, परभणी, जिथं कथा वाचली तिथं हा प्रश्न आलाच. दरवेळी हसून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. 1972च्या दुष्काळात कडबा संपला आणि चुलत्यानं सामाईक जोडीतला एक बैल वडलांना न विचारता विकला. तेही चूक नव्हतं; दावणीला उपाशी मरण्यापेक्षा बरं. पण वडील खडी फोडून घरी आले, एकटा बैल पाहिला आणि गप्प झाले. दोन्ही घरांत त्याच मिलोच्या लाल भाकरी, लेकरांना तीच सुकडी. तरी अबोला धरला तो धरलाच. वर्षाच्या आत वाड्यात मधोमध भिंत आली.

मी आठ वर्षांचा. निरोप्या मीच. पाऊस परतल्यावर विहिरीच्या पाळीवरून चुलता म्हणायचा, "तुझ्या बापाला सांग, माझ्या दिवशी मोट धरली तर बघून घीन." मी भिंतीला वळसा घालून येईपर्यंत त्याचं "काका विचारायलेत, आज पाळी कुणाची?" झालेलं असायचं. वडील म्हणायचे, "त्याला म्हनावं, डोळे हाईत का बटनं?" पलीकडं पोचायचं, "आज आमची, उद्या तुमची." संवाद लिहायला मी शिकलो तो असा. एकदा लबाडी उघडी पडली आणि दोन्हीकडून मार बसला. तेवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

(आई आणि चुलती सगळा काळ एकाच बाजेवर शेवया वाळवायच्या. माझ्या कथांतल्या बाया बोलक्या आहेत त्या त्यामुळं.)

मग 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून गाव झोपलेलं. पहाटे चारच्या सुमाराला माळवद करकरलं. किल्लारीच्या मानानं आमचं काहीच गेलं नाही, फक्त मधली भिंत खचली. धुरळ्यातून चुलत्याची हाक आली, "दादा, हाईस का?"

"हाव. तू?"

एकवीस वर्षांनी, मला मधे न घालता.

हे मी अजून कथेत आणलेलं नाही. दोनदा लिहून फाडलं. भूकंपानं भिंत पाडून भाऊ बोलते केले तर वाचक म्हणणार, याला दुसरं काही सुचलं नाही. आणि पुढचं तर त्याला पटणारच नाही. दिवाळी झाली आणि दोघांनी निम्मा निम्मा खर्च घालून भिंत परत उभी केली. विटांचा हिशेब सांगायला माझा पाच वर्षांचा पोरगा इकडून तिकडं पळत होता.