पोच घ्या, पोच! रत्नागिरीत घर आणि शाळा शोधतानाचा अनुभव

नव्या घरात सामान लागलं, गणपतीही बसून गेले, तरी त्या शाळेच्या कार्यालयाची खिडकी आठवली की माझं डोकं फिरतं. बँक, वकिलांचा सर्च रिपोर्ट, सब-रजिस्ट्रार ही सगळी मंडळी आमच्याशी सरळ वागली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते पाचवीच्या एका फॉर्मपाशी. ओळखीतली काही कुटुंबं सध्या मुंबई-पुण्याहून रत्नागिरीकडे घर बघतायत आणि प्रत्येक जण विचारतो, "कौलारू घेऊ की स्लॅबचं?" मुलं शाळेत असतील तर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न त्या खिडकीत बसलेला असतो.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही डोंबिवलीहून आलो. मुलगी चौथी संपवून पाचवीत जाणार होती, मुलगा पहिलीत. सासूबाईंची एकच अट होती, पडवी हवी. आणि त्यांना हवं तसं घर मिळालंही. भाट्याचा पूल ओलांडून पावस गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका वाडीत. चिऱ्याच्या भिंती, पुढे खळं, पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणी, विहीर आणि कुंपणाला लागून माड. सातबाऱ्यावर एकच नाव, ही तर कोकणात लॉटरीच. एरवी सातबाऱ्यावर अख्खं खानदान असतं, त्यातले निम्मे मुंबईला, आणि एकाची जरी सही राहिली तरी व्यवहार लटकतो.

घर बघताना मी वर बघत होते. वाशांवर वाळवीच्या मातीच्या रेघा दोनच ठिकाणी होत्या, त्या चालतील म्हटलं. पण मागच्या बाजूला निम्मी कौलं नवी कोरी दिसली. मालक काकांना विचारलं तर म्हणाले, "वानर ओ. फणस धरला की येतात." वानरांचा कळप माडावरून छपरावर उडी मारतो आणि एका उडीत चार कौलं जातात. शिवाय दर वर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट लावणं, करायची, त्याला माणूस मिळत नाही, मिळाला तर तो सगळ्या वाडीला एकटाच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा एक कौल सरकलं तरी खाली पातेलं ठेवावं लागतं. कोकणात लोक कौलं काढून पत्रे का घालतात ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. तरीही घर आवडलं होतं, हे सांगून टाकते.

वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट अगदी थोडा. लोक म्हणाले, "तिथे काय घालताय मुलाला?" मी जाऊन बसले. बाई पहिली-दुसरीला एकत्र घेऊन काजूच्या बियांवर वजाबाकी शिकवत होत्या. दहा बियांची एक पुडी, पुडी सोडली की हातचा सुटला. एका मुलाने न विचारता पुडी सोडली तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्याच्याकडे बघून हसल्या. डोंबिवलीत आम्ही भरलेल्या फीमध्ये हे कधी बघायला मिळालं नव्हतं. निघताना सहज विचारलं, "बाई, तुम्ही इथे अजून किती वर्षं?" त्या म्हणाल्या, "बदलीच्या यादीत नाव आहे माझं." जिल्हा परिषदेच्या बदल्या ऑनलाइन होतात, यादी लागली की निघायचं. लहान शाळेचा दर्जा म्हणजे तिथली एक बाई किंवा एक गुरुजी, आणि त्या माणसाच्या भरवशावर वीस वर्षांचं कर्ज काढता येत नाही. गावात घर बघत असाल तर हा प्रश्न विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

आता ती खिडकी.

मुलीसाठी शहरातली एक अनुदानित शाळा मनात होती. सेमी इंग्रजी, मोठं मैदान, विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक. नाव सांगत नाही. आमचा हिशेब सरळ होता. तिथे प्रवेश मिळाला तर शहराच्या बाजूला, नाचणे-कुवारबावकडे घर घ्यायचं. नाही मिळाला तर पावसच्या रस्त्यालाही हायस्कूल आहेच, मग पडवीवालं घर सोडायचं कशाला? म्हणजे शाळेने हो किंवा नाही एवढंच सांगायचं होतं.

खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्मकडे न बघता विचारलं, "रहिवासाचा पुरावा?"

"घर घेतोय. प्रवेशाचं कळलं की लगेच घेऊ."

"मग घर घ्या आणि या, मॅडम."

"घर घेतलं आणि प्रवेश नाही मिळाला तर?"

"ते मुख्याध्यापक ठरवतील."

मुख्याध्यापक मीटिंगला गेले होते. पुढच्या वेळी प्रशिक्षणाला गेले होते. त्यानंतर होते, पण निकालाच्या कामात होते. दर वेळी टेबलावर नवा कागद. आधी रहिवास, मग म्हणे शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय फॉर्मच नाही. दाखला जुनी शाळा निकालाशिवाय देईना, निकाल 1 मेला. मे उजाडला तर सुट्टी, कार्यालय सकाळी थोडा वेळ उघडं, आणि त्या थोड्या वेळात चहा. वाडीच्या काकांना अक्षय्य तृतीयेला विसार हवा होता, ते रोज फोन करायचे. मी त्यांना काय सांगणार? की एका खिडकीत बसलेला माणूस तुमच्या घराचा सौदा अडवून बसलाय?

गंमत अशी की त्याच दिवसांत शहरातल्याच दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक पटनोंदणीसाठी आमच्या भाड्याच्या जागेच्या दारात येऊन गेले. सप्टेंबरअखेरच्या पटावर संचमान्यता होते, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे ज्यांचा पट घसरतोय ते दारोदार फिरतात आणि ज्यांच्याकडे रांग आहे ते खिडकीतून मानही वर करत नाहीत. निकाल बघावा तर दोघांचा सारखाच. आमच्या कोकण मंडळाचा दहावीचा निकाल 2024 ला 99.01 टक्के होता, 2025 ला 98.82. राज्यात पहिला, अभिमान आहेच, पण शाळा निवडायला त्याचा काडीचा उपयोग नाही. शंभर टक्के निकालाचा फलक इथे प्रत्येक फाटकावर असतो.

भाड्याची जागा म्हटलं, तीच शेवटी कामी आली. नोंदणीकृत भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन होतो आणि तो रहिवासाचा पुरावा म्हणून चालतो. विकत घेतलेलंच घर हवं असं कुठेही लिहिलेलं नाही, हे त्या गृहस्थांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. करार ठेवला समोर. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे. मुलीची छोटी चाचणी होईल."

"चाचणी? प्रवेशासाठी?"

"परीक्षा नाही ओ, अंदाज घेतो फक्त. आणि पालकांशी थोडं बोलतो."

इथे माझा संयम संपला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही. कलम 5 म्हणतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. इतकी वर्षं झाली, तरी खिडकीपर्यंत पोचलेला नाही. मी तोंडी काही बोलले नाही. तोंडी बोललात की तुम्ही भांडकुदळ ठरता आणि मुलीला पुढे तिथेच शिकायचं असतं. घरी येऊन एक पानी अर्ज लिहिला. मुलीचं नाव, इयत्ता, दोन्ही कलमं आणि शेवटी, 'प्रवेश देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे ही विनंती.' दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर पोच.

पोच द्यायला त्यांचा हात धजेना. "ठेवून जा, बघतो," म्हणाले. मी म्हटलं, "आवक क्रमांक टाकून शिक्का द्या, मी थांबते." आणि थांबले. बाकावर बसले, पिशवीतली सुपारी कातरायला घेतली असती तरी चालली असती इतकी निवांत. मागे रांग लागली, एका आजोबांनी विचारलं, "काय झालं ओ?" मी मोठ्याने सांगितलं, "पोच पाहिजे." शेवटी आतून शिपाई आला आणि शिक्क्याचं पॅड शोधू लागला. पॅड सुकलेलं. त्यात पाण्याचे थेंब टाकून जांभळा, फिकट, अर्धवट शिक्का उमटला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जायची तयारी ठेवली होती, गरज पडली नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः फोन केला, गोड बोलले, चाचणीचा विषयही निघाला नाही. मुलगी वर्गात बसली. त्या संध्याकाळी मी हापूसच्या पेटीतले शेवटचे आंबे कुणालाही न विचारता खाल्ले.

पडवीवालं घर मात्र गेलं. मुंबईच्या कुणीतरी घेतलं, होमस्टे करणार म्हणे. सासूबाई अजून सुनावतात. मी ऐकून घेते, कारण ते घर खरंच चांगलं होतं आणि वाडीतून शाळेत जाणं मला पटत नव्हतं. नकाशावर वाडीपासून हायस्कूल जवळ दिसतं. प्रत्यक्षात घाटी उतरायची, पर्‍या (ओढा) ओलांडायचा आणि एसटीची वाट बघायची. जुलैत पर्‍याला पाणी आलं की तो रस्ता बंद, मग लांबून वळसा. अंतर नकाशावर मोजू नका, पावसात चालून बघा. एसटीचा हिशेब करणाऱ्यांसाठी सांगते, ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. पास मोफत असला तरी शेवटची गाडी शाळेच्या जादा तासांसाठी थांबत नाही.

आम्ही शेवटी नाचण्याच्या बाजूला घेतलं. चिऱ्याचं बांधकाम, वर स्लॅब आणि स्लॅबवर पत्र्याची शेड. दिसायला साधंच. मुलगा घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चालत जातो, मुलगी सायकलने. व्यवहार माझ्या नावावर केला, कारण महिलेच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

राहिलेलं आठवेल तसं सांगते. शाळा बदलताना दाखल्याबरोबर मुलाचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) जुन्या शाळेतून लिहून घ्या आणि त्यांनी यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, मुलाला सोडलंय की नाही ते तिथेच विचारा, नाहीतर नवी शाळा ऑनलाइन ओढून घेऊ शकत नाही. शाळेचं यूडायस रिपोर्ट कार्ड कुणालाही बघता येतं, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती, सगळं असतं. पण जाऊन बघाच. मला एका शाळेत प्रयोगशाळा दाखवायला नेलं आणि चावी कुणाकडे आहे हेच कुणाला आठवेना. घर दोनदा बघा, मेमध्ये विहिरीसाठी आणि जुलैत छपरासाठी. जांभा पाणी धरत नाही, जुलैत काठोकाठ भरलेली विहीर मेमध्ये तळ दाखवते आणि विकणारा तुम्हाला नेमकी दिवाळीत बोलावतो. शक्य असेल तर एक पावसाळा भाड्याने काढा, कराराचा उपयोग वर सांगितलाच.

आमच्याही पश्चिमेच्या खिडकीखाली ओल आलीच. गवंड्याला बोलावलंय, तो म्हणतो दिवाळीनंतर येतो.