मिनेसोटाची थंडी, तणस आणि आपल्या गल्लीतली कुत्री

नागपूरला फोन लावला की सगळे एकच विचारतात, बाप्पा, एवढ्या थंडीत राहता कसे? आमचं काही नाही हो, घरात हीटर, गाडीत हीटर, मधलं काय ते दोन मिनिटं चालणं. प्रश्न असतो तो बाहेर राहणाऱ्या जनावरांचा, आणि इथे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात शेतावरची कुत्री बाराही महिने बाहेर असतात. आमच्या गावाच्या आजूबाजूला मका आणि सोयाबीन, म्हणजे अर्धं दृश्य आपल्या विदर्भासारखंच, फक्त जानेवारीत उणे २०, उणे २५ सहज होतं. २०१९ च्या जानेवारीअखेर तर मिनियापोलिसला उणे ३३ पर्यंत गेलं होतं. त्यात कुत्रं जगतं कसं, हे मी शेजारच्या शेतकरी आजोबांकडे बघून शिकलो आणि ते मला आपल्या लोकांना सांगायचंच आहे, कारण यातलं बरंचसं नागपुरात फुकटात करता येतं.

आजोबांचा बेअर हा मेंढ्या राखणारा ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा, पांढराशुभ्र, अंगावर केसांचे दोन थर, आतला मऊ लोकरीसारखा आणि वरचा राठ. त्याला बर्फात झोपायलाच आवडतं. पण त्यांच्याकडे एक आखूड केसांची म्हातारी कुत्रीही आहे आणि खरी काळजी तिची घ्यावी लागते. तिचं घर पाहून मला आधी वाटलं की हे फारच लहान आहे, बिचारीला मोठं तरी करून द्यायचं. आजोबा म्हणाले, लहान आहे म्हणूनच गरम आहे. उभं राहता आलं, वळता आलं आणि अंगाची गुंडाळी करून झोपता आलं की बस. आत दुसरा हीटर नाहीच, कुत्र्याचं अंग हाच हीटर, ते ३८-३९ डिग्रीचं असतं, खोली मोठी केली की ती ऊब हवेतच जाते.

जमिनीपासून घर विटांवर उचललेलं, भिंतीत प्लायच्या दोन थरांमध्ये थर्माकोलची शीट (उघडी ठेवली तर कुत्रं कुरतडून खातं), दार मधोमध नाही तर एका कडेला, म्हणजे वारा सरळ अंगावर येत नाही, आणि दाराला जाड रबराच्या मॅटचा पडदा. यातलं बरंचसं त्यांच्या मनाचं नाही, इथे राज्याचा कायदाच आहे, कुत्र्याच्या घराला ओल आणि वारा लागता कामा नये, जमीन सलग आणि ओल न धरणारी हवी नाहीतर निदान २ इंच वर उचललेली हवी, आणि १ नोव्हेंबर ते ३१ मार्च दाराला वारा अडवणारं काहीतरी पाहिजेच. कुत्र्याच्या घराचा कायद्यात इतका बारीक विचार केलेला पाहून मला खरंच भरून आलं.

आता मुख्य गोष्ट. आत अंथरायचं काय? तणस. गव्हाचं किंवा ओट्सचं वाळलेलं काड, अर्धं घर भरेल एवढं. कायद्यात चादरही चालते, पण आजोबा ती ठेवत नाहीत आणि मला त्यांचं पटतं. कापड पाणी पितं. कुत्र्याचे पाय ओले असतात, श्वासात वाफ असते, ते सगळं चादरीत उतरतं, मग गोठतं आणि कुत्रं रात्रभर बर्फावर झोपतं. तणसाची काडी आतून पोकळ असते, तिच्यात हवा राहते, पाणी खाली निथळून जातं, आणि कुत्रं त्यात स्वतःला पुरून घेऊ शकतं. म्हातारी आत जाते, चार गिरक्या घेते, नाकाने काड बाजूला लोटून मधे खळगा करते आणि नाक शेपटीखाली घालून पडते. ती उठून गेल्यावर मी एकदा ग्लव्ह काढून त्या खळग्यात हात घातला होता, बाहेर उणे १८ आणि आत चुलीजवळच्या ओट्यासारखं कोमट. हिरवा कापून वाळवलेला चारा मात्र नको, तो ओल धरतो आणि त्याला बुरशी लागते.

बाकी पाणी गोठतं म्हणून विजेवर गरम राहणारं भांडं, आणि साधं ठेवायचं तर रबराचं किंवा प्लास्टिकचं, धातूला जीभ चिकटते. ऊब टिकवायला अंगातलं इंधन जास्त जळतं म्हणून हिवाळ्यात खाणं वाढवतात. उबेसाठी बल्ब लटकवणं आजोबांना अजिबात मान्य नाही, तणसावर पडला की आग लागते.

आता नागपूर. आपल्याकडे बर्फ नाही पण २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता हे विसरू नका, आणि आपल्या गावठी कुत्र्यांचे केस आखूड, पोटात पुरेसं अन्न नाही, त्यात त्यांची पिल्लं नेमकी हिवाळ्यातच जन्मतात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब सांभाळताच येत नाही, आई अन्न शोधायला गेली की ती गार पडतात. दरवर्षी गल्लीत सकाळी पिल्लू मेलेलं सापडतं आणि आपण म्हणतो थंडीनं गेलं. अहो, ते वाचू शकतं.

मी आईला फोनवर सांगून जे करायला लावलं ते असं. तांदळाची जी प्लास्टिकची विणलेली पोती येतात ना, ती घ्यायची, बारदाना नको कारण तो दवाने ओला होतो. त्यात तणस भरायचं, जास्त ठासायचं नाही, तोंड शिवायचं आणि ही गादी जिन्याखाली किंवा पोर्चच्या कोपऱ्यात दोन विटा आणि फळीवर ठेवायची. पिल्लं असतील तर निळा ड्रम आडवा करायचा (केमिकलचा नको, धुतलेला), विटा लावून पक्का करायचा, गोल फिरता कामा नये, आत सुटं तणस, अर्ध्या तोंडाला पोत्याचा पडदा. तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला, आपल्याकडे गार वारा उत्तरेचा. तणस कुठून आणायचं म्हणाल तर भंडारा-गोंदियाचं धान निघालं की गोठेवाल्यांकडे असतंच, दूधवाल्या दादांना सांगून ठेवा, संत्र्याच्या पेटीत घालतात तेच हे. कुटार (मळणीनंतर उरतो तो बारीक भुसा) आणू नका, त्याची धूळ पिल्लांच्या नाकातोंडात जाते. ओलं झालं की लगेच बदला, नाहीतर कडक उन्हात पसरा.

खायला संध्याकाळी उशिरा द्या म्हणजे रात्रभर पोटात आधार राहतो, वरण-भात, पोळी, वरून चमचाभर तेल, तिखट-मसाल्याचं नको. पाणी कोमट.

आणखी एक, रात्री वॉचमन काका शेकोटी करतात आणि ते झोपले की कुत्री त्या राखेत जाऊन पडतात, खाली निखारा असतो. पोटाची कातडी भाजलेली कुत्री मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून शेकोटी विझवताना पाणी टाकाच. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारा आणि खाली वाकून बघा, उबेला पिल्लं टायरपाशी आणि मांजरी तर इंजिनातही बसतात. गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सांडलं असेल तर लगेच धुवा, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि किडनी निकामी करतं, इथे त्यामुळे कुत्री मरतात.

कुत्रं कुडकुडतंय तोवर त्याचं शरीर लढून राहिलं आहे असं समजा. कुडकुडणं थांबलं, पण ते सुस्त पडलं, हाक मारली तर बघत नाही, हिरड्या फिक्या पडल्या तर वेळ घालवू नका. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून घरात घ्या, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून छाती-पोटाशी ठेवा, थेट कातडीला लावू नका, आणि डॉक्टरांकडे न्या. शुद्धीत नसताना तोंडात दूध ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

सोसायटीत कोणी कुरकुर केली तर भांडू नका. गादी पार्किंगच्या कडेला, जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब ठेवा आणि साफसफाई तुम्हीच करा, बहुतेकांचा विरोध घाणीला असतो, कुत्र्याला नसतो. आणि फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं की सगळं तणस काढून टाका, उन्हाळ्यात त्यात गोचीड होतात. पोतं उलटं करून धुवून वाळवा आणि माळ्यावर टाका, पुढच्या दिवाळीनंतर कामी येईल.